पिल्लं नव्हेत ती

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरची ती इवलीशी फुलपाखरं म्हणजे मोठ्या फुलपाखरांची पिल्लं का, असं एकानं विचारलंय. नाही हो. कोषातून बाहेर आलेलं फुलपाखरू वाढत नाही. वाढ सगळी अळी असतानाच उरकते. हे बहुधा ग्रास ज्वेल नावाचं फुलपाखरू. पंख पसरून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर, भारतातल्या सर्वांत लहानांपैकी एक. उडतंही जमिनीलगत, मग तिथे माळढोक हा मोठा पक्षी शोधणाऱ्या दुर्बिणींना ते दिसणार कसं! बसलं की मागच्या पंखाची कड पाहा: नारिंगी किनारीत चमकणारे काळे ठिपके. याच्या अळीच्या पाठीवरच्या ग्रंथीतून गोड रस पाझरतो. त्यासाठी मुंग्या भोवती घुटमळतात, बदल्यात राखणही करतात. फोटो हवा असेल तर सकाळी जा आणि सरळ पोटावर झोपा. कुसळं टोचतील, ते आलंच.