मदत हवी आहे: सायकलला चेनऐवजी बेल्ट लावायला फ्रेम कापावी का?

मंडळी, रोज कोथरूड ते हिंजवडी सायकलने जातो. पावसाळ्यात चेनचे हाल बघवत नाहीत. रविवारी तेल घातलं की बुधवारी पुन्हा करकर, पँट काळी होते ती वेगळीच. म्हणून चेनऐवजी गेट्स कंपनीच्या कार्बन बेल्टचा नाद लागलाय. ना तेल, ना गंज.

पण चेनची कडी उघडता येते, बेल्ट अखंड असतो. तो आत घालायला फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात फट लागते. शिवाय डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) चालत नाही, गिअर मागच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे मधल्या तुंब्यातच हवेत. शिमानोचा आठ गिअरचा हब, नेक्सस ८, बघून ठेवलाय. ३०७ टक्के रेंज (सगळ्यात जड गिअर सगळ्यात हलक्याच्या ३.०७ पट) चांदणी चौकाच्या चढाला पुरावी.

माझी फ्रेम जुनी, स्टीलची. मागची वरची नळी कापून उघडझाप करणारा जोड बसवून देईल असा, ब्रेझिंग (नळ्या न वितळवता पितळेसारख्या धातूने जोडणं) येणारा कारागीर पुण्यात कुणाला माहीत आहे का? गल्लीतला वेल्डिंगवाला "दहा मिनिटांचं काम" म्हणाला, तेव्हाच सायकल उचलून घरी आलो.

आणि बेल्टचा ताण कसा धरायचा? सरकते ड्रॉपआउटच (मागचं चाक बसतं त्या खाचा) हवेत की एक्सेंट्रिक बॉटम ब्रॅकेटवर (पेडलचा आस मागेपुढे सरकवता येतो तो) भागतं? कुणी केलं असेल तर खर्चासकट सांगा. बायकोला आकडा मी सांगेन, हळूहळू.