परळच्या स्वेटरवाल्या मावशी आणि तिबेटचा भूकंप, मुंबईतून काही करता येईल का?

गिरणगावची_पोर
परळला थंडीत फुटपाथवर तिबेटी लोक स्वेटर घेऊन बसतात ना, त्यातल्या एका मावशींकडे आमच्या घरची खरेदी बाबांच्या काळापासून (मुंबईत स्वेटर लागतो दोन दिवस, पण घ्यायचा म्हणजे घ्यायचा). परवा गेले तर मावशी गप्पगप्प, भाव पण धड सांगेनात. खोदून विचारलं तर म्हणाल्या आईचं गाव तिबेटातल्या डिंग्रीकडे, ७ जानेवारी २०२५ ला भूकंप झाला ते. नातेवाईक आहेत तिथे, काहीच कळत नाहीये, आधी वीचॅटवर (ते चिनी ॲप) आवाज यायचा एकमेकांचा, २०२० ला आपल्याकडे ते बंद झालं तेव्हापासून तेही गेलं. मला लाज वाटली कारण मी ती बातमी 'नेपाळला भूकंप' समजून वर सरकवली होती. आमचं मंडळ वर्गणी काढेल, पण पाठवायची कुठे? आणि पैसे सोडा, निदान मेली ती तिबेटी माणसं होती एवढं तरी कुणी बोलावं यासाठी काय करायचं?

भूगोलाचा_मास्तर
नेपाळ वाटणं साहजिक आहे, काठमांडू आणि बिहारपर्यंत हादरे बसले आणि आपल्या चॅनलवाल्यांनी तेच दाखवलं. केंद्र मात्र तिबेटात, एव्हरेस्टच्या उत्तरेला साधारण ८० किमी. आपल्याकडे सकाळचे ६.३५. अमेरिकन मोजणी ७.१, चिनी ६.८. सरकारी आकडा १२६ मृत, ३,६०० च्या वर घरं पडली. भारताची प्लेट खालून रेटते त्यात तिबेटचं पठार पूर्व-पश्चिम ताणलं जातं आणि फाटतं, हा त्यातलाच, जेमतेम १० किमी खोल, म्हणून एवढा जोरात बसला. त्यात घरं दगडमातीची आणि बाहेर रात्रीची हाडं गोठवणारी थंडी, ढिगाऱ्यात माणूस किती वेळ टिकणार.

औसेकर_घाटकोपर
मास्तर, 'दगडमातीची घरं' वाचलं आणि पोटात कालवलं. मी ९३ ला सहावीत होतो. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे ३.५६ ला किल्लारी, सास्तूर सगळं खाली. तो ६.२ च होता बरं का. जाड भिंती, वर मातीचं माळवद, तेच अंगावर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. पण ताई, एक फरक सांगतो, दुसऱ्या दिवसापासून मुंबई-पुण्याहून ट्रक यायला लागले, कपडे, भाकरी, औषधं, पेपरवाले बांधाबांधावर फिरून लोकांशी बोलत होते, कुणाला परवाना काढावा लागला नाही. लोक सरकारला तोंडावर शिव्या देत होते आणि ते छापूनही येत होतं. तिबेटमध्ये बाहेरचा पत्रकार स्पेशल परवानगीशिवाय जाऊच शकत नाही. मग १२६ म्हणजे कोण, कुठल्या गावचे, किती लेकरं, हे विचारणार कोण?

ठाण्याचा_शहाणा
इथे रोज लोकलमधून पडून माणसं मरतायत त्यांचं बघा आधी. चीनने लगेच फौज लावली, तंबू, रस्ते सगळं केलं, आपल्यापेक्षा फास्ट आहेत ते. बाकी तो सगळीकडे फिरतोय ना, ढिगाऱ्यातल्या टोपीवाल्या पोराचा फोटो, तो बघून मलाही वाईट वाटलं, नाही असं नाही.

भूगोलाचा_मास्तर
शहाणे साहेब तो फोटो एआयचा आहे, हाताची बोटं मोजा, सहा भरतील. खरे फोटो मोकळेपणी बाहेर आले की असले खोटे चालत नाहीत. आणि फौज लावली हे खरंच आहे, त्याला कोण नाही म्हणतंय. मदत वाटणाऱ्याला प्रश्न विचारता येतात का, एवढाच मुद्दा आहे.

झाडीपट्टीवाला
मी गोंदियाचा, आता डोंबिवलीत. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात नॉर्ग्येलिंग म्हणून तिबेटी वसाहत आहे, १९७२ पासून, कॉलेजात असताना तिथे मोमो खायला जायचो म्हणून थोडं माहितीये. ताई, वर्गणी थेट डिंग्रीला पोचेल हे डोक्यातून काढा. धरमशालाच्या निर्वासित तिबेटी प्रशासनालाही तिथे पाय ठेवता येत नाही, तर तुमचं मंडळ कुठून पोचणार.

२०१० चा युशूचा भूकंप आठवा. सरकारी आकडा २,६९८ मेले. आधी मठातले भिक्षू हातांनी माती उपसत होते, मग त्यांनाच परत जायला सांगितलं. दलाई लामांनी भेट द्यायची इच्छा सांगितली, तीही राहून गेली. आणि युशू नकाशावर छिंगहाय प्रांतात, म्हणून मेलेले बहुतेक तिबेटी असून बातमीत 'पश्चिम चीन' एवढंच. आता तर इंग्रजीतही तिबेट न म्हणता 'शीझांग' हे चिनी नाव म्हणा असा चीनचा हट्ट आहे. म्हणून तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे. आपल्या परराष्ट्र खात्याने शोक व्यक्त करताना तिबेट स्वायत्त प्रदेश असं नाव घेतलं. ते धरून खासदाराला पत्र टाका, मराठी पेपरांना लिहा की 'चीनमध्ये भूकंप' नको, डिंग्री, तिबेट असं छापा. मोर्चाबिर्चा म्हणाल तर आझाद मैदान आणि पोलिसांची परवानगी, ते तुमचं मंडळ करू शकेल.

आणि मावशींना विचारा की बायलाकुप्पेला, म्हणजे कर्नाटकातल्या तिबेटी वसाहतीत, कुणी आहे का. ९ तारखेला दलाई लामांनी तिथल्या ताशी ल्हुन्पो मठात प्रार्थना केली, मूळ ताशी ल्हुन्पो तिबेटातल्या शिगात्सेचा, डिंग्री त्याच जिल्ह्यात येतं. तिकडची खबर तिथे आधी कळण्याचा चान्स आहे. फक्त मावशींचं नाव, फोटो कुठेही टाकू नका हां, इथलं बोलणं तिथल्या नातेवाइकांच्या अंगाशी येतं.

गिरणगावची_पोर
थँक्यू दादा, फोटो काढला होता खरा, डिलीट केला. आज जाऊन आले. बायलाकुप्पेला त्यांचा भाचा भिक्षू आहे, तो विचारतोय. पत्र मराठीत लिहिलंय, औसेकर काका तुम्ही किल्लारीचं दोन ओळीत लिहून द्याल का त्यात? मंडळाची मीटिंग रविवारी आहे. वर्गणीचं विचारलं तर मावशी म्हणाल्या पैसे नको, दिवे लावा, १२६. मग जरा थांबून म्हणाल्या, थोडे जास्तच आणा.