११४ किलो वजनाच्या चालकासाठी इंटरसेप्टर ६५० चे मागचे शॉक कसे निवडावेत?

प्रश्न : घाटवाट

नमस्कार. माझे वजन ११४ किलो आहे आणि हेल्मेट, जाकीट, बूट धरून ते १२१ च्या आसपास जाते. रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर ६५० ही मोटरसायकल मी तीन वर्षे चालवतो आहे. पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगावला महिन्यातून एकदा तरी जाणे होते आणि त्यातल्या निम्म्या वेळा पत्नी (६२ किलो) मागे असते. मोठ्या खड्ड्यात किंवा उंच गतिरोधकावर गाडी मागून तळाला लागते आणि तो दणका थेट कमरेत जातो. हा दोष मी गाडीच्या माथी मारत नाही, कारण कारखान्यातून निघणारी स्प्रिंग माझ्यासारख्या देहाला समोर ठेवून बसवलेली नसणार, हे उघड आहे. प्रीलोड (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवण्याची खाचांची जुळणी) सी-पान्याने शेवटच्या खाचेवर नेऊन पाहिले. तळाला लागणे थोडे कमी झाले, पण आता लहानसहान खड्ड्यांवर मागची बाजू उडते. दुकानात विचारले तर एक जण गॅसचे शॉक घ्या म्हणतो, दुसरा उंच शॉक घ्या म्हणतो, तिसरा सर्वांत महागडे घ्या म्हणजे प्रश्न मिटला असे सांगतो. पैसे एकदाच घालवायचे आहेत, तेव्हा नेमके काय पाहून निवड करावी, हे कृपया सांगावे.

उत्तर : डबलसीट

उंच शॉकच्या बाबतीत माझा अनुभव ऐका, मग ठरवा. माझी गाडी वेगळी होती, पण वजन आपल्याइतकेच. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी मूळ लांबीपेक्षा २० मिलिमीटर लांब शॉक बसवून घेतले. मागची बाजू उंच झाल्यामुळे हँडल आवश्यकतेपेक्षा चपळ झाले, साइड स्टँडवर गाडी फारच कलून उभी राहू लागली (एकदा वाऱ्याने आडवीही झाली), आणि चेन स्विंगआर्मवरच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) रबरी पट्टीला घासू लागली. तळाला लागणे मात्र तसेच राहिले, कारण स्प्रिंग पूर्वीइतकीच मऊ होती. लांबी वाढवली म्हणजे ताकद वाढली, हा समज मला साडेसहा हजारांना पडला. दोन्ही टोकांच्या बोल्टमधील अंतर मूळ शॉकइतकेच ठेवावे, फार तर पाच मिलिमीटर इकडेतिकडे, एवढेच माझे सांगणे.

उत्तर : निवृत्त चाचणीवाला

मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत बरीच वर्षे शॉक तपासण्याच्या कामात काढली, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

आधी प्रीलोडबद्दलचा गैरसमज दूर करतो. खाच बदलल्याने स्प्रिंग कडक होत नाही, ती फक्त आधीपासून थोडी दाबून ठेवली जाते आणि त्यामुळे गाडी मागून वर येते. पुढचा एक मिलिमीटर दाबायला पूर्वी जेवढे बळ लागत होते, तेवढेच नंतरही लागते. मऊ स्प्रिंगवर प्रीलोड खूप वाढवला की चाकाला खाली येण्यासाठी वाव उरत नाही, खड्ड्यात चाक उतरायच्या आधीच शॉक पूर्ण ताणला जातो आणि आपण म्हणता तसे मागचे अंग उडते. म्हणजे आपल्याकडे एकाच कारणाची दोन लक्षणे दिसत आहेत.

खरेदीच्या आधी मोजमाप करा. गाडी सेंटर स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी ठेवा आणि चाकाच्या धुरीपासून सरळ वर, सीटखालच्या एखाद्या पक्क्या खुणेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. मग गाडी जमिनीवर सरळ धरून तेच अंतर घ्या, आणि शेवटी आपण पूर्ण पोशाखात, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसलेले असताना दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्या. प्रत्येक वेळी गाडी मागून एकदा दाबून आणि एकदा उचलून सोडावी व दोन्ही आकड्यांची सरासरी धरावी, कारण सीलच्या घर्षणामुळे तीन-चार मिलिमीटरचा फरक सहज पडतो. या गाडीच्या मागच्या चाकाची चाल, म्हणजे वर-खाली सरकण्याचा एकूण वाव, ८८ मिलिमीटर आहे. चालक बसल्यावर त्यातील ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २६ ते २९ मिलिमीटर गाडी खाली बसावी आणि नुसत्या स्वतःच्या वजनाने पाच ते दहा मिलिमीटर. चालकासह आकडा बरोबर येतो पण रिकामी गाडी जवळजवळ बसतच नाही, असे आढळले तर स्प्रिंग मऊ आहे असे समजावे. याच्या उलट आढळले तर ती गरजेपेक्षा कडक आहे.

गॅसविषयी एवढेच सांगतो की पल्सरच्या ‘नायट्रॉक्स’ नावाच्या गॅस शॉकपासून हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला, पण वजन पेलण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. शॉकमधील तेल सतत घुसळून त्यात बुडबुडे झाले की डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगचे हेलकावे आवरण्याचे काम, ढिले पडते. नायट्रोजनचा दाब ते टाळतो, आणि वेगळ्या डब्यात तरंगत्या पिस्टनने गॅस तेलापासून अलग ठेवला असेल तर लांबलचक खराब रस्त्यावर शॉक अधिक काळ टिकून काम करतो. वजन पेलते ती स्प्रिंग. बाजारातील काही स्वस्त शॉकवरचा डबा तर निव्वळ शोभेचा असतो.

घाटवाट

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. काल शेजाऱ्यांना हाताशी घेऊन मोजले. चाक अधांतरी असताना अंतर ६१२ मिलिमीटर. प्रीलोड पहिल्या खाचेवर असताना रिकामी गाडी ५९८ आणि मी बसल्यावर ५६८. प्रीलोड शेवटच्या खाचेवर नेल्यावर रिकामी ६०७ आणि मी बसल्यावर ५७७. म्हणजे सर्व प्रीलोड देऊनही मी ३५ मिलिमीटर खाली जातो आणि रिकामी गाडी जेमतेम पाच मिलिमीटर बसते. आता नवी स्प्रिंग किती कडक घ्यावी, हे यातून कळू शकते का?

उत्तर : निवृत्त चाचणीवाला

कळू शकते, आणि मूळ स्प्रिंगचा आकडा ठाऊक नसला तरी चालते. दोन्ही खाचांवर आपल्या बसण्याने गाडी नेमकी ३० मिलिमीटर खाली गेली आहे. प्रीलोडने कडकपणा बदलत नाही, याचा पुरावा आपल्याच टेपने दिला. आता रिकामी गाडी सहा आणि आपल्यासह २९ मिलिमीटर बसावी असे धरले, तर आपल्या वजनाने फक्त २३ मिलिमीटरचा फरक पडायला हवा. ३० भागिले २३ म्हणजे सुमारे १.३, तेव्हा नवी स्प्रिंग मूळच्या मानाने साधारण ३० टक्के कडक हवी. मूळ स्प्रिंगचे वेटोळे एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ असतील तर हे गणित ढोबळ मानावे, पण दिशा चुकणार नाही.

स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. वेटोळ्यांचा व्यास आणि संख्या तीच ठेवून आठ मिलिमीटरची तार साडेआठ केली, तरी तो सुमारे २७ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे दुकानात नजरेने ‘ही जाड दिसते’ असे म्हणून निवडू नका, तर न्यूटन प्रति मिलिमीटरमधला आकडा मागा. तो सांगता न येणाऱ्याकडून शॉक घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

केवळ स्प्रिंग बदलून जुन्या शॉकवर भागवण्याचा मोह होईल, तो टाळावा. कडक स्प्रिंग दाबली गेल्यावर तितक्याच जोराने परत उसळते आणि मूळ शॉकचे परतीचे (दाबलेला शॉक पुन्हा ताणला जातानाचे) डॅम्पिंग मूळ स्प्रिंगसाठी ठरवलेले असते. अशा गाडीचे मागचे अंग एका गतिरोधकानंतर दोन-तीनदा हेलकावे खाते, आणि घाटातल्या वळणावर ते फार वाईट. म्हणून परतीचे डॅम्पिंग बाहेरून जुळवता येईल असा शॉक घ्यावा. दाबाच्या डॅम्पिंगची वेगळी चावी नसली तरी चालेल, तिचे जादा पैसे आपल्या वापरात वसूल होणार नाहीत. थायलंडची वायएसएस, ब्रिटनची हॅगन, स्वीडनची ओलिन्स या कंपन्या अशा गाड्यांसाठी शॉक बनवतात. मागणी नोंदवताना आपले पोशाखासह वजन, पत्नीचे वजन आणि दोघे किती वेळा एकत्र जाता, हे लिहून कळवा आणि त्यानुसार स्प्रिंग बसवून मागा. खोक्यावर गाडीचे नाव आहे म्हणून जसाच्या तसा घेतलेला महागडा शॉकही सरासरी वजनासाठीच असतो.

उत्तर : डबलसीट

एक पुरवणी. शॉक कितीही चांगले घेतले तरी गाडीची भारमर्यादा वाढत नाही. चौकट, रिम, ब्रेक आणि टायर तेच असतात. मागच्या टायरच्या कडेवर मापानंतर ६३ असा आकडा असेल, तर तो टायर योग्य हवेसह २७२ किलोपर्यंतचा भार घेतो. पुस्तिकेत दोघांसाठी दिलेला हवेचा दाब ठेवा, बऱ्याच जणांचा निम्मा त्रास तिथेच असतो.

घाटवाट

हवा तपासली, पुस्तिकेतील आकड्यापेक्षा चार पौंडांनी कमी निघाली, याची लाज वाटते. ती भरूनही गाडी तळाला लागतेच, फक्त आवाज थोडा सौम्य झाला आहे. मूळ लांबीचे, परतीचे डॅम्पिंग जुळवता येणारे शॉक माझ्या वजनाच्या स्प्रिंगसह नोंदवले आहेत. पत्नी मागे असताना प्रीलोड किती वाढवावा, हे आधीच ठरवता येईल का?

उत्तर : निवृत्त चाचणीवाला

आधी ठरवू नका. दोघे बसून पुन्हा मोजा आणि ८८ पैकी ३५ मिलिमीटरपेक्षा जास्त खाली जात असाल, तरच खाच वाढवा. शॉकच्या दांड्यावर एक बारीक प्लास्टिकची केबल-पट्टी सैलसर बांधून ठेवा. ताम्हिणी उतरून माणगावला चहाला थांबाल तेव्हा ती कुठवर सरकली आहे ते पाहा. तळाच्या रबराला जेमतेम टेकली असेल तर जुळणी योग्य आहे. त्यात रुतलेली दिसली तर मला आकडे कळवा.