मदत हवी आहे : आईच्या डायलिसिस ग्राफ्टमध्ये स्टेंट टाकावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही कळव्याला राहतो. आईचं डायलिसिस दंडातल्या ग्राफ्टवरून (धमनी आणि शीर जोडणारी कृत्रिम नळी) होतं, फिश्चुलासाठी (शीर थेट धमनीला जोडणं) तिच्या शिरा फार बारीक होत्या. मागे ग्राफ्ट शिरेला जोडलाय तिथे अरुंद झाला, तेव्हा फुग्याने अँजिओप्लास्टी केली. आता परत तेच. मशीनवर व्हीनस प्रेशर (रक्त शरीरात परत जातानाचा दाब) चढतं, सुई काढल्यावर रक्त लवकर थांबत नाही, हाताला लागणारी थरथरही मंदावली आहे.

डॉक्टर या वेळी कव्हर्ड स्टेंट (आवरण असलेली जाळीची नळी) सुचवताहेत. २०१० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात सहा महिन्यांनी ती जागा नुसत्या फुग्याने २३ टक्के, तर अशा स्टेंटने ५१ टक्के रुग्णांत उघडी होती. फरक मोठा आहे, पण खर्चही मोठा.

ठाणे-नवी मुंबईत कुणाच्या घरी हे झालंय का? किती टिकलं? खर्च साधारण किती, आणि महात्मा फुले योजनेत किंवा मेडिक्लेममध्ये स्टेंटचे पैसे मिळाले का? असं काम नेहमी करणारे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट किंवा व्हॅस्क्युलर सर्जन माहीत असतील तर कृपया सांगा. ग्राफ्ट गुठळीने पूर्ण बंद पडला तर मानेत कॅथेटर घालावा लागेल, त्याच्या इन्फेक्शनची फार भीती वाटते. म्हणून लवकर ठरवायचंय.