मदत हवी आहे : अ‍ॅफिलिएट मार्केटिंगमधली फसवणूक कशी ओळखायची?

गोदाकाठ
नाशिकहून चिवडा आणि बेदाणे ऑनलाइन विकतो. सरासरी ऑर्डर ७०० रुपयांची. अ‍ॅफिलिएटना (आमची लिंक देऊन गिऱ्हाईक पाठवणाऱ्यांना) ८ टक्के कमिशन, कुकी (लिंक दाबणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये बसणारी खूण) ३० दिवसांची, ऑर्डरचं श्रेय शेवटच्या क्लिकला. अ‍ॅफिलिएट ४०. बहुतेकांच्या शंभर क्लिकमागे दोन-तीन ऑर्डर येतात. गेल्या महिन्यात मात्र तिघांचे आकडे पटत नाहीत :
अ : ६१,००० क्लिक, ७४ ऑर्डर.
ब : ९०० क्लिक, २१२ ऑर्डर.
क : १८० ऑर्डर, सगळ्या कॅश ऑन डिलिव्हरी, त्यातली १२१ पार्सलं परत.
सर्व्हर लॉग (साइटवरच्या प्रत्येक भेटीची नोंद) आणि कुरिअरचा रिपोर्ट हाताशी आहे. एका आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) दहाच्या वर क्लिक आले की ब्लॉक करायचं आणि पुढे मशीन लर्निंगचं मॉडेल बसवायचं, असा विचार आहे. बरोबर आहे का?

आकडेमोड
आयपीचा नियम आधी काढून टाका. आपल्याकडे मोबाइल कंपन्या एकाच आयपीमागे असंख्य ग्राहक ठेवतात (सीजीनॅट). त्यात खरे गिऱ्हाईक अडकेल आणि चोर आयपी बदलून निसटेल. मॉडेलही आत्ता नको. ४० अ‍ॅफिलिएट आणि हातात तीनच संशयित, एवढ्यावर मॉडेल शिकणार काय?

'फसवणूक आहे की नाही' असे दोनच कप्पे करू नका. खोटं नेमकं काय आहे ते बघा : क्लिक, श्रेय की ऑर्डर? उपाय त्यावर ठरतो.

अ : कुकी स्टफिंगचा संशय. माणसाने लिंक दाबलेलीच नसते. दुसऱ्याच पानावर लपवलेल्या आयफ्रेममधून (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानाच्या चौकटीतून) किंवा एक पिक्सेलच्या इमेजमधून तुमची ट्रॅकिंग लिंक उघडते आणि कुकी बसते. लॉगमध्ये 'सेक-फेच-डेस्ट' हेडर साठवा. लिंक कशासाठी उघडली हे ब्राउझर त्यात कळवतो. खऱ्या क्लिकला तिथे 'डॉक्युमेंट' येतं, लपवलेल्याला 'आयफ्रेम' किंवा 'इमेज'. जुने ब्राउझर हे हेडर पाठवतच नाहीत, म्हणून रिकामी जागा पुरावा धरू नका. जोडीला क्लिक ते ऑर्डर हे अंतर काढा. खऱ्या क्लिकच्या ऑर्डरी पहिल्या काही तासांत दाटतात. स्टफिंगच्या ऑर्डरी ३० दिवसांवर सारख्या पसरतात, कारण ते गिऱ्हाईक एरवीही आलंच असतं.

ट्रॅकिंग कुकी तुमच्या स्वतःच्या डोमेनवरून बसत असेल, तर तिला 'सेमसाइट=लॅक्स' लावा. मग परक्या पानातल्या आयफ्रेममधून आलेली कुकी ब्राउझर नाकारतो. केवळ 'एक्स-फ्रेम-ऑप्शन्स'वर (तुमचं पान परक्या आयफ्रेममध्ये दाखवू न देणाऱ्या हेडरवर) विसंबू नका. पान दिसत नाही, पण उत्तराच्या हेडरमधली कुकी तरीही बसू शकते.

लॉगवाचक
ब बद्दल. चारातला जवळजवळ एक क्लिक ऑर्डर होतो, म्हणजे गिऱ्हाईक पैसे भरायच्या पायरीवर असताना क्लिक घडवला जातोय. हे बहुधा कूपन एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेलं, कूपन शोधून देणारं साधन) किंवा कूपन साइट. प्रत्येक ऑर्डरच्या तीन वेळा शेजारी मांडा : पहिली भेट, कार्टमध्ये माल टाकला ती वेळ, अ‍ॅफिलिएट क्लिक. क्लिक कार्टनंतरचा असेल तर श्रेय हिसकावलेलं आहे. गूगलनेही मार्च २०२५ मध्ये क्रोम एक्स्टेन्शनचे नियम कडक केले : वापरणाऱ्याला प्रत्यक्ष फायदा नसताना किंवा त्याने स्वतः काही न करता अ‍ॅफिलिएट लिंक घुसवता येत नाही. तुमच्या करारात मात्र 'कार्टनंतरच्या क्लिकला कमिशन नाही' हे कलम हवंच. ते नसेल तर त्याला फसवणूक म्हणणं कठीण.

आणखी एक शक्यता तपासा. गूगलवर तुमच्याच ब्रँडचं नाव शोधणाऱ्यांना जाहिरात दाखवून तो क्लिक मिळवत असेल. असे लोक जाहिरातीतून नाशिक वगळतात, म्हणून ती तुम्हाला कधीच दिसत नाही. गूगल अ‍ॅड्समधल्या जाहिरात पूर्वदृश्य साधनात नागपूर, कोल्हापूर निवडून रात्री उशिराही बघा.

आकडेमोड
क साधा आहे, पण पैसा सर्वांत जास्त तिथेच जातो. ऑर्डरमागे ५६ रुपये कमिशन आणि वर जाण्या-येण्याचं कुरिअर भाडं. कमिशन ऑर्डर पडताच मंजूर होतं, ही मूळ चूक. ते माल पोचल्यावर आणि परताव्याची मुदत संपल्यावरच मंजूर करा. ४५ दिवस ठेवा. कॅश ऑन डिलिव्हरीला मोबाइलवर ओटीपी घ्या. परत आलेल्या १२१ मध्ये एकाच क्रमाने जाणारे फोन नंबर, अपुरे पत्ते, एकाच डिव्हाइसवरून ओळीने पडलेल्या ऑर्डरी शोधा. त्याच पिनकोडवरच्या इतर ऑर्डरींशी तुलना केल्याशिवाय ठपका ठेवू नका. काही भागांत परतीचं प्रमाण एरवीही जास्त असतं.

गोदाकाठ
अ चे नवे लॉग पाहिले. हेडर आलेल्या दहातल्या नऊ क्लिकना 'आयफ्रेम' आहे. आता लगेच काढून टाकू?

लॉगवाचक
आधी पुरावा गोठवा. तीन-चार दिवसांचे मूळ लॉग, क्लिक आयडी, रेफरर (क्लिक कुठल्या पानावरून आला ते) आणि ज्या पानावर आयफ्रेम आहे त्याचा सोर्स तारखेसह जपून ठेवा. ते पान लॉगिन न करता, नव्या ब्राउझर प्रोफाइलमध्ये, मोबाइल नेटवर उघडून बघा. काही जण एका पाहुण्याला एकदाच कुकी टाकतात, दुसऱ्यांदा पान स्वच्छ दिसतं. दरम्यान फक्त पेमेंट थांबवा आणि ईमेलवर खुलासा मागा. अ‍ॅफिलिएटच्या हाताखाली उप-अ‍ॅफिलिएट असतील, तर सब-आयडीप्रमाणे (त्या प्रत्येकाच्या वेगळ्या ओळखक्रमांकाप्रमाणे) फोड करा. खोटेपणा एकाच सब-आयडीत सापडला तर तेवढाच बंद करा.