टॉन्सिलचं ऑपरेशन: लेकीचं आणि माझं एकदमच निघालंय, सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

थोडं लांबणार आहे, सांभाळून घ्या. मी ३४ वर्षांची, लेक सहाची. एकाच आठवड्यात दोघींनाही टॉन्सिल काढायला सांगितलेत, पण कारणं अगदी वेगळी.

तिचा घसा फारसा दुखत नाही, वर्षातून फार तर दोनदा. पण घोरते. आणि घोरता घोरता मध्येच आवाज थांबतो. गळ्याखालची खळगी आत ओढली जाते, छाती हलत असते, पण हवा काही आत जात नाही. मी अंधारात आकडे मोजते. परवा अकरापर्यंत पोचले, मग दचकल्यासारखा एक श्वास घेऊन बाई कूस बदलून झोपल्या. तोंड कायम उघडं, मान मागे टाकलेली, सकाळी उठता उठवत नाही. बंद झालेलं अंथरूण ओलं करणंही परत सुरू झालंय. आधीच्या डॉक्टरांनी ‘सर्दीची प्रकृती आहे, मोठी झाली की जाईल’ म्हणत दोन वर्षं काढली. या वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढून नेला. ईएनटी डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला, घसा तपासला आणि टॉन्सिलबरोबर अ‍ॅडेनॉइडही (नाकामागच्या टॉन्सिलसारख्या गाठी) काढू म्हणाले.

माझं उलट आहे. झोप उत्तम, पण घसा सारखा धरतो. ताप, गिळता येत नाही, अँटिबायोटिक. दोन वर्षांपूर्वी दोनदा, गेल्या वर्षी चारदा, यंदा पाचदा. वाचलं त्यात वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं ५-५, किंवा सलग तीन वर्षं ३-३ असा हिशोब असतो. मी कुठल्याच खान्यात धड बसत नाही.

सासूबाई म्हणतात टॉन्सिल म्हणजे दारावरचा पहारेकरी, तो काढला की पोर सारखी आजारी पडेल. यात तथ्य किती? मोठ्या वयात त्रास जास्त होतो का? आणि दोघींचं एकदमच उरकावं का?

निशिगंध: एकदम अजिबात नको ताई, हात जोडते! मी २९व्या वर्षी केलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. कानात अशी कळ यायची की कानालाच काही झालं असं वाटलं (घशाची आणि कानाची नस एकच असते म्हणे). आरशात पाहिलं तर घशात पांढरट-पिवळा थर, पू झाला म्हणून रडले. तो जखमेवरचा नेहमीचा पापुद्रा निघाला. पुरते दोन आठवडे गेले. अशात तुम्ही पोरीचं काय बघणार?

अर्धविराम: ऑपरेशन थिएटरमध्ये काम करतो, म्हणून लिहितो. पहारेकरी खरा, पण एकटा नाही. जिभेच्या मुळाशी, मानेत तशाच पेशींच्या चौक्या आहेत आणि त्या काम चालू ठेवतात. मुलांमध्ये हल्ली हे ऑपरेशन घसादुखीपेक्षा झोपेतल्या श्वासासाठीच जास्त होतं. तुम्ही लिहिलंय ते वाचून तिचं लांबवू नका एवढंच म्हणेन.

तुमचा हिशोब नुसत्या घसादुखीचा धरत नाहीत. ताप, मानेतल्या गाठी, टॉन्सिलवर पू असं काही डॉक्टरांनी तपासून नोंदवलेलं लागतं. टॉन्सिलच्या बाजूला कधी गळू झालं होतं का? एकच टॉन्सिल मोठा दिसतो का? यातलं काही असेल तर गोष्ट वेगळी, आणि एकच मोठा असेल तर नक्की दाखवा.

रक्तस्रावाचं मात्र नीट लक्षात ठेवा. पहिले २४ तास, आणि मग पाचव्या ते दहाव्या दिवसात खपली सुटते तेव्हा. लहान मुलं रक्त थुंकत नाहीत, गिळतात. झोपेत सारखी गिळताना दिसली तर टॉर्च लावून घसा बघा. लाल ताजं रक्त दिसलं की थोडं आहे, थांबेल असं म्हणत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. ते दोन आठवडे लांबचा प्रवास नको. अ‍ॅस्पिरिन नाही. बारा वर्षांखाली कोडीन (दुखण्याच्या आणि खोकल्याच्या काही औषधांत असतं ते) असलेलं काही नाही. दुखण्याचं औषध डॉक्टरांनी दिलेल्या वेळेला घड्याळ लावून द्या, रडेपर्यंत वाट पाहू नका. पाणी कमी पडलं की घसा कोरडा पडतो आणि दुखणं आणखी वाढतं, म्हणून घोट घोट चालू ठेवा.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. गळू नाही, दोन्ही टॉन्सिल सारखेच दिसतात. तर तिचं आधी. माझं दुखणं आता तारीखवार वहीत लिहिते आणि दर वेळी तपासून घेते. सासूबाईंना चौक्यांचं सांगितलं, ‘बरं’ म्हणाल्या, पण व्हिडिओ दाखवल्यावर स्वतःच तारीख विचारायला लागल्या. शाळा किती दिवस बुडेल?

अर्धविराम: दोन आठवडे धरून चला. तोवर पळापळ आणि पोहणंही बंद. आवाज थोडे दिवस बारीक, नाकातून आल्यासारखा वाटेल, घाबरू नका.