‘सिन्स फोर इयर्स’मध्ये नेमकं काय चुकतं?

गोदाकाठ:
अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागासाठी अर्ज करायचाय. पहिलंच वाक्य असं आहे: ‘आय ॲम वर्किंग इन सातपूर सिन्स फोर इयर्स.’ एकाने त्यावर लाल खूण केली, कारण काही सांगितलं नाही. ‘सिन्स’ म्हणजे ‘पासून’च ना? आणि काम अजून चालू आहे, मग ‘ॲम वर्किंग’ का नको?

लालपेन:
चुका दोन, आणि दोन्ही मराठीतून आलेल्या. आपला ‘पासून’ ‘जून २०२१’लाही चिकटतो आणि ‘चार वर्षां’नाही. इंग्रजीत पहिल्याला सिन्स, दुसऱ्याला फॉर. गोंधळ झाला की मराठी वाक्यातला ‘पासून’ काढून बघा. ‘मी चार वर्षं सातपूरला काम करतोय’ हे चाललं, म्हणजे फॉर. ‘मी जून २०२१ सातपूरला काम करतोय’ हे लंगडलं, म्हणजे सिन्स.

दुसरी चूक क्रियापदाची. आपण ‘करतोय’वर भागवतो, मागे सुरू होऊन आत्तापर्यंत आलेल्या कामाला इंग्रजीत हॅव लागतो. म्हणून: ‘आय हॅव बीन वर्किंग इन सातपूर फॉर फोर इयर्स.’ ‘सिन्स लास्ट फोर इयर्स’ तर अर्जाअर्जात दिसतं, तेही चूकच. ‘फॉर द लास्ट फोर इयर्स’ लिहा, मधल्या ‘द’सकट.

द्राक्षबाग:
पुरवणी जोडतो. हे वाचून सगळीकडे ‘बीन’ आणि आयएनजी लावत सुटू नका. माहीत असणं, जवळ असणं यांना ते चालत नाही. ‘आय हॅव हॅड अ लायसन्स सिन्स २०१९’ कानाला विचित्र लागतं, पण बरोबर तेच. आणि हॅव गाळून ‘आय वर्क्ड इन सातपूर फॉर फोर इयर्स’ लिहिलंत, तर समोरचा समजेल की नोकरी सुटली!

गोदाकाठ:
मग ‘आय हॅव सेंट माय रेझ्युमे यस्टर्डे’ तरी ठीक आहे ना? हॅव आहे त्यात.

लालपेन:
नाही. ‘काल पाठवला आहे’ मराठीत खपून जातं. इंग्रजीत यस्टर्डे, लास्ट वीक असा संपलेला काळ आला की हॅव जातो: ‘आय सेंट माय रेझ्युमे यस्टर्डे.’ हॅव हवाच असेल तर यस्टर्डे काढा.

अर्जात पुढे ‘अ एमआयडीसी युनिट’ असेल तर तेही बघून घ्या. अक्षर नाही, उच्चार बघायचा. ‘एम’ स्वराने सुरू होतो, म्हणून ‘ॲन एमआयडीसी युनिट’. नुसतं युनिट असेल तर ‘अ युनिट’.